उठून गेलेल्यांची मतं

बेळगावच्या खडेबाजारात रिक्षावाल्याला ‘काँग्रेस विहीर’ म्हटलं की तो थेट टिळकवाडीत आणून सोडतो. डिसेंबर १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेली ही विहीर. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथं. एवढं बेळगावातल्या पोरासोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी ते बहुमताशी कसे वागले, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

सहा महिने आधी, जूनमध्ये, अहमदाबादला काँग्रेसची महासमिती बसली. गांधीजींचा ठराव असा: पदाधिकाऱ्यानं रोज अर्धा तास कातावं, महिन्याला २००० वार सूत पाठवावं, नाही पाठवलं तर पद गेलं. चित्तरंजन दास, मोतीलाल नेहरू यांचा स्वराज्य पक्ष निषेध करून उठून गेला. मागं उरलेल्यांत शिक्षेचं कलम ६७ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर झालं. दुसरा कुणी असता तर मिशीला पीळ देत बसला असता! गांधीजींनी गेलेल्यांची मतं विरोधात धरून बेरीज केली. आपण हरतोय हे दिसताच कलम स्वतःहून मागं घेतलं. सभा सोडून गेलेल्यांची मतं स्वतःविरुद्ध मोजणारा पुढारी मला तरी दुसरा ठाऊक नाही.

बेळगावात त्याच स्वराज्य पक्षाला काँग्रेसच्या वतीनं कायदेमंडळात काम करायला मान्यता मिळाली. कातायचं नसेल त्यानं सूत विकत घेऊन द्यावं, अशी सवलतही ठेवली.

झुंडीपुढं मात्र हा माणूस नमला नाही. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यात जमावानं ठाणं पेटवून पोलिसांना मारलं, तेव्हा ऐन रंगात आलेला असहकाराचा लढा त्यांनी थांबवला. त्याही आधी, १९२० मध्ये, स्टेशनांवरच्या गर्दीला वैतागून त्यांनी नियमच लिहून काढले होते: कच्चे स्वयंसेवक नकोत, त्यांनी एका जागी घोळका करू नये, घोषणा ठरलेल्या तीनच, प्रवाशांची वाट मोकळी. बेळगावातही गर्दी सांभाळायला डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हाताखाली तयार झालेले स्वयंसेवक होते.

पुढं संख्येनं कमी असलेल्यांचा मान राखणं एखाद्या पुढाऱ्याच्या मनावर सोडून भागणार नव्हतं. राज्यपुनर्रचनेबरोबर १९५६ मध्ये घटनेत कलम ३५० ब आलं आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमायचं ठरलं. एखाद्या भागात हे अल्पसंख्याक निदान १५ टक्के असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असा दंडकही झाला. अधिकाऱ्यानं राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा. हुकूम मात्र काढता येत नाही. मराठी परिपत्रकांसाठी वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणाऱ्या बेळगाव-निपाणीकरांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.