विंचू उतरवायचा कोणी?

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण सारख्या बदल्या होणाऱ्या नोकरदारांना गमतीने म्हणतो. म्हण अगदी खरी आहे. विंचवाची मादी नुकती जन्मलेली पिल्ले खरोखरच पाठीवर घेऊन हिंडते. शिवाय एकनाथमहाराजांच्या भारुडामुळे विंचू घरोघरी पोचलेला. पण आमच्या महाड-पोलादपूरच्या भागात विंचू म्हणजे नुसती म्हण किंवा भारूड नव्हे. समर्थांच्या घळीमुळे शिवथरचे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे. वरंधा घाटाच्या पायथ्याशी असलेल्या त्या खोऱ्यात कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशी गावे आहेत. कौलारू घरे, दगडी जोती, पडवीत रचलेले सरपण, अंगणात भाताची उडवी. लाल विंचवाला याहून सोयीचे घर कुठले मिळणार?

मैत्रिणींनो, या लाल विंचवावर जगाने दखल घ्यावी असे संशोधन झाले, आणि तेही आमच्या महाडलाच. ‘संशोधन’ म्हटले की आपल्याला वाटते, ते अमेरिकेत नाहीतर मुंबई-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत व्हायचे. आपल्या पोळीभाजीशी त्याचा काय संबंध? हा संबंध किती जवळचा आहे, तेच आज सांगायचे आहे. कारण विंचू चावला की डॉक्टरांच्या आधी निर्णय घ्यावा लागतो तो घरातल्या बाईला.

बिरवाडीचा डॉक्टर

डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. गरिबीत, कष्ट करून शिकले. १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावल्यावर धडधाकट माणसे, आणि त्याहून जास्त लहान मुले, दगावतात हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. त्या काळी अशा गंभीर रोग्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस जण वाचत नसत. निरनिराळी औषधे एकत्र करून दिली जात, पण गुण येत नसे.

डॉक्टरांनी काय केले? रोग्याच्या खाटेशी बसून तासातासाला लिहून ठेवले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हा सुटला, उलटी केव्हा झाली, धाप केव्हा लागली. आपण नाही का, तान्ह्या बाळाला ताप आला की रात्रभर कागदावर आकडे मांडत बसतो? तसेच हे. फरक इतकाच की त्यांनी ते एका रोग्याचे नाही, कितीतरी रोग्यांचे केले आणि मग सगळे कागद समोर ठेवून त्यातला सारखेपणा शोधला. ही निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. गाडी पुढे हृदयावर जाणार, हे कुठल्या आरंभीच्या लक्षणांवरून ओळखावे, हाच त्या लेखाचा विषय होता.

विष अंगात काय करते?

लाल विंचवाचे विष आपल्या मज्जातंतूंवर असलेली बारीक दारे उघडी ठेवते. ती मिटतच नाहीत. मग मज्जातंतू एकसारखे संदेश पाठवत राहतात आणि अंगात घबराटीच्या वेळी सुटणारी द्रव्ये भरमसाट सुटतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बागेला पाणी घालताना कुणी नळीवर पाय ठेवला तर मागे पंपावर किती ताण येतो, तो आठवा. इथे पंप म्हणजे आपले हृदय. रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठू लागते. खोकला, धाप, तोंडाला गुलाबी फेस ही त्याची चिन्हे. लाल विंचवाने मरण येते ते बहुधा या वाटेने.

आता हे समजल्यावर उपाय सुचायला वाट मोकळी झाली. नळीवरचा पाय काढायचा! रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची एक गोळी रक्तदाबासाठी बाजारात होतीच. स्वस्त आणि साधी. डॉ. बावस्करांनी ती विंचवाच्या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या, आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या प्राझोसिनवरील लेखावर दोघांची नावे आहेत. नवऱ्याच्या यशामागे बायको असते असे आपण म्हणतो. इथे ती मागे नाही, लेखाच्या मथळ्याखालीच आहे!

या गोळीनंतर मृत्यूचे प्रमाण शंभरात एक ते चार इतके खाली आले. नवे यंत्र नाही, परदेशी इंजेक्शन नाही. जुनीच गोळी, पण योग्य जागी आणि योग्य वेळी.

चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी

तेवढ्यावर हे दांपत्य थांबले नाही. मुंबईच्या हाफकिनने लाल विंचवाच्या विषावर लस, म्हणजे प्रतिविष, तयार केले होते. घोड्याला विष अगदी थोडे थोडे टोचत गेले की त्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्य तयार होते. ते वेगळे काढून शुद्ध करतात. प्रश्न असा होता, की नुसती गोळी बरी की गोळी आणि लस दोन्ही?

आपण नवीन इनो किंवा यीस्ट वापरून पाहताना काय करतो? एकाच पिठाचे दोन भाग करतो, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. इथेही तसेच केले. विष अंगात भिनलेल्या ७० रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, प्रत्येकी ३५. एका गटाला प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. दहा तासांनी पाहिले तर दोन्ही मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण बरे झाले होते; नुसती गोळी मिळालेल्यांपैकी ८. बरे व्हायला पहिल्या गटाला सरासरी ८ तास लागले, दुसऱ्याला पावणेअठरा. ही चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी अमेरिकेने ॲरिझोनाकडच्या विंचवावरच्या लसीला पहिल्यांदा मान्यता दिली. म्हणजे महाड या बाबतीत अमेरिकेच्या मागे नव्हते. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

भगताचा विंचू का उतरतो?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. आठवीच्या वर्गात एकदा विचारले, “विंचू चावला तर काय कराल?” उत्तरांची झुंबड उडाली. कांदा चोळायचा, चिंचोका उगाळून लावायचा, वर करकचून दोरी बांधायची, भगताकडे जाऊन विंचू उतरवून घ्यायचा. एक मुलगा म्हणाला, “बाई, माझ्या आज्याचा उतरला होता की!”

तो खोटे बोलत नव्हता. त्यात गोम अशी आहे. बहुतेक विंचूदंशांत विष थोडे जाते, नाहीतर विंचू काळा, कमी विषारी असतो. नुसती वेदना होते, असह्य होते, आणि काही तासांनी आपोआप ओसरते. त्या वेळी मंत्र चालू असेल तर श्रेय मंत्राला, कांदा लावलेला असेल तर कांद्याला! पण ज्या पाच-दहा जणांच्या अंगात लाल विंचवाचे विष भिनते, त्यांचे ते तास वाया जातात. आणि गोळी लवकर पोटात गेली तरच तिचा खरा उपयोग.

दुसरी गोष्ट आपण बायकांनी पक्की ध्यानात ठेवावी. आपण दुखण्यावरून आजार मोजतो. पोर रडून आकांत करतेय म्हणजे जास्त, गप्प झाले म्हणजे उतरले. लाल विंचवाच्या बाबतीत हे बऱ्याचदा उलटे असते. चावल्या जागी खूप ठणका आणि बाकी काही नाही, तर बहुधा धोका कमी. उलट ठणका फारसा नाही, पण पोर घामाने न्हाऊन निघाले, उलट्या होताहेत, तोंडाला लाळ सुटली आहे, हातपाय गार पडले आहेत, तर एक मिनिटही दवडू नये. लहान मुलग्यांच्या आणि पुरुषांच्या बाबतीत लिंग ताठर होणे हेही एक महत्त्वाचे लक्षण आहे. सांगायला संकोच वाटतो, पण आईने संकोच बाजूला ठेवून ते पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे.

घरात एवढे पाळा

१. लाल विंचवाचा उपद्रव उन्हाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास जास्त. या दिवसांत सरपण, शेणी, कौले-विटांचा ढीग यांत उघडा हात घालू नका; आधी काठीने हलवा. भिंतींच्या फटी लिंपून घ्या.

२. चपला-बूट, दोरीवरचे कपडे, अंथरूण झटकल्याशिवाय वापरू नका. बाळाचे दुपटे तर मुळीच नाही. शक्यतो खाटेवर झोपा.

३. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट-निळा चमकतो. तशी बॅटरी बाजारात मिळते. रात्री परसात, न्हाणीपाशी आणि अंथरुणाच्या आसपास फिरवली तर लपलेला विंचू दिसतो. तो दिवा डोळ्यांवर मात्र मारू नका.

४. चावल्यास जागेवर चिरा देऊ नका, चोखू नका, आवळून बांधू नका. किती वाजता चावला ते लिहून ठेवा. रोग्याला धावपळ करू देऊ नका. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सरळ दवाखाना गाठा.

५. प्राझोसिन नाव माहीत झाले म्हणून घरी गोळी देऊ नका. मात्रा वजनावरून ठरते. गोळीनंतर एकदम उठले तर रक्तदाब घसरून चक्कर येते, म्हणून रोग्याला निजवून ठेवावे लागते. डॉक्टर म्हणतील तितका वेळ दवाखान्यात राहा. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी नेण्याची घाई करू नका.

विषातून औषधही

निसर्गाची गंमत पाहा. आपल्याच या लाल विंचवाच्या विषातून १९९० साली शास्त्रज्ञांनी आयबेरिओटॉक्सिन नावाचा पदार्थ वेगळा काढला. पेशींमधली पोटॅशियमची दारे कशी चालतात हे अभ्यासायला तो जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. आखाती देशांकडच्या एका विंचवाच्या विषातला क्लोरोटॉक्सिन हा घटक मेंदूतल्या काही कर्करोगाच्या गाठींना चिकटतो. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी त्याला चमकणारा रंग जोडला, म्हणजे शस्त्रक्रिया करताना गाठ कुठे संपते आणि निरोगी मेंदू कुठे सुरू होतो ते सर्जनला दिसावे. आजारी मुलांवरही त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. ते सर्रास वापरात आलेले औषध नाही, पण वाट चांगली आहे.

ते जेव्हा यायचे तेव्हा येईल. महाडची गोळी मात्र आजच हाताशी आहे. शिवथरच्या खोऱ्यातून महाड सुमारे तीस किलोमीटर. गाडी मिळवणे, रस्ता, पाऊस, सगळे धरले तर हा वेळ काही थोडा नाही. त्यात भगताकडचे दोन तास घालायचे की नाही, एवढेच आपल्या हातात असते. सासूबाई म्हणतील, “आधी उतरवून तर पाहू.” त्यांना दुखवू नये. “मंत्र गाडीत म्हणू या, आई,” असे म्हणावे आणि पोराला घेऊन निघावे.