वाटी कोण सरकवितो?

मृताच्या आत्म्याशी माध्यमाच्या द्वारे बोलता येते, हा समज केवळ अशिक्षितांत आढळतो असे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत व्ही. डी. ऋषी यांच्यासारख्या सुशिक्षितांनी परलोकविद्येचा प्रसार केला. काळाचौकी, लालबाग, परळ या भागांतील चाळींत तिचे एक साधे रूप मुलांच्या खेळापर्यंत उतरले. त्यास प्लँचेट म्हणतात. गिरणगावची ही वस्ती मुख्यतः कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांची. सुटीत मुले गावी येतात, तेव्हा असे खेळही त्यांच्याबरोबर येतात. म्हणून ग्रामीण शिक्षकास त्याची माहिती असणे इष्ट होय.

कागदावर मुळाक्षरे, अंक आणि ‘होय’, ‘नाही’ हे शब्द लिहितात. मध्ये पालथ्या घातलेल्या वाटीवर दोघे-तिघे बोट टेकवितात व मृताचे नाव घेऊन प्रश्न विचारतात. काही वेळाने वाटी सरकू लागते. ‘मी ढकलली नाही’ असे प्रत्येक जण सांगतो आणि पुष्कळदा तो खरेच बोलत असतो.

मग वाटी सरकते कशी? मनात अपेक्षा धरली की स्नायूंची सूक्ष्म हालचाल नकळत घडते, असे विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये मांडले. १८५३ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी ‘आत्म्याने फिरणाऱ्या’ मेजाची परीक्षा घेतली. हात आणि मेज यांच्यामध्ये त्यांनी सरकू शकणारे पुठ्ठे ठेविले. मेजाआधी हातच सरकतात, हे त्यावरून दिसले. हाताचा दाब दाखविणारा काटा बसणाऱ्यांच्या नजरेसमोर ठेविताच मेज फिरेनासे झाले.

वर्गात आत्म्यास बोलाविण्याचा प्रयोग करू नये. भित्री मुले घाबरतात. त्याऐवजी दोऱ्यास अंगठी बांधून ती कागदावरील रेघेवर धरावयास सांगावी. ‘ती रेघेच्या दिशेने हलेल’ असे मनात आणताच बहुतेकांची अंगठी हलू लागते. प्लँचेटची कसोटीही सोपी आहे: बसणाऱ्यांचे डोळे बांधावे व त्यांच्या नकळत कागद फिरवावा. उत्तरे निरर्थक येतात. आत्म्यास अक्षरे दिसत असती, तर असे का व्हावे?

तथापि एक सावधगिरी अवश्य बाळगावी. वडील गमावलेला मुलगा ‘बाबा बोलतील का?’ असे विचारील, तेव्हा त्याची थट्टा करू नये. आत्मा अमर आहे की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न वाटीने सुटत नाही, एवढेच सांगावे. आणि वडिलांच्या आठवणी त्यास बोलू द्याव्यात. ज्या घरी दुःख आहे, तेथेच भोंदू माध्यम पैसे मागावयास येतो. भुताखेताच्या नावाने भीती घालणे व औषधोपचारास अडविणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हे पालकांस समजावून द्यावे. परंतु कायदा गुन्हा घडल्यावर येतो. ‘हे तपासून पाहू या’ म्हणण्याची सवय मात्र शाळेतच लागते.