कार्ब्युरेटरचा अरुंद गळा

घरात जुनी मोटार असणे हा एक छंद आहे, आणि तो बहुधा वडिलांकडून मुलाकडे वारशाने येतो. सुरतेत रांदेर किंवा नानपुऱ्यासारख्या जुन्या भागात एखाद्या घराच्या ओट्यालगत कापडी आच्छादनाखाली फियाट उभी दिसली तर नवल वाटावयास नको. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून 1964 पासून ही 1100 डी गाडी बाहेर पडू लागली. पुढे 1974 साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले आणि 2000 सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. 2023 च्या ऑक्टोबरात तर मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सीही निवृत्त झाली. आता तिचा एखादा भाग बिघडला की तो जुन्या बाजारात शोधीत फिरावे लागते. म्हणूनच घरच्या घरी कानस हाती घेण्यापूर्वी थोडा विचार करणे अगत्याचे ठरते.

मोह कोणता होतो, तो प्रथम पाहू. गाडी चढावर दमते, वेग घेण्यास कुरकुरते. घरातला उत्साही तरुण कार्ब्युरेटर उघडतो आणि त्याला दिसते की हवेची वाट मध्यभागी एकदम अरुंद झाली आहे. त्याच्या मनात सहजच येते, की हा गळा कानसून रुंद केला तर इंजिनाला मोकळा श्वास घेता येईल. तर्क सरळ आहे, पण चुकीचा आहे. तो अरुंद गळा अडथळा नव्हेच. कार्ब्युरेटरचे सारे कार्य त्या गळ्यातच घडते.

जुन्या पिढीला फ्लिटचा पंप आठवत असेल. दट्ट्या पुढे रेटला की नळीच्या तोंडावरून हवा वेगाने जाई आणि डब्यातील औषध आपोआप वर चढून त्याचे तुषार उडत. हवेचा वेग जेथे वाढतो तेथे तिचा दाब घटतो, हे त्यामागील तत्त्व. बर्नुली या शास्त्रज्ञाने वेग आणि दाब यांचा हा संबंध 1738 साली ग्रंथरूपाने मांडला आणि व्हेंचुरी या इटालियन प्राध्यापकाने 1797 मध्ये अरुंद होत जाणाऱ्या नळ्यांतील प्रवाहाचे प्रयोग प्रसिद्ध केले. कार्ब्युरेटरच्या गळ्याला आजही त्याचेच नाव आहे. इंजिन हवा ओढते, गळ्यात ती धावते, दाब उतरतो आणि फ्लोटच्या वाटीतील पेट्रोल जेटमधून वर खेचले जाऊन तुषाररूपाने हवेत मिसळते.

आता थोडे गणित. गळ्याचा व्यास 24 मिलिमीटर आहे असे समजू. कानसून तो 26 केला. फरक अवघा 2 मिलिमीटरचा. परंतु क्षेत्रफळ 17 टक्क्यांनी वाढले. तितकीच हवा त्यातून जाऊ लागली की तिचा वेग सुमारे 15 टक्क्यांनी घटतो, आणि ओढ ही वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती पाव हिश्शाहून अधिक कमी होते. परिणामी बाजाराच्या गर्दीतून मंद गतीने जाताना गाडी पूर्वीपेक्षाही अधिक अडखळते. लाभ झालाच तर तो अतिवेगात; आणि साठी उलटलेली फियाट अतिवेगाने कोण आणि कशाकरिता हाकणार?

मग हवेची वाट सुधारता येतच नाही काय? येते, मात्र रुंद करून नव्हे, अडथळे काढून. पद्मिनीचे इंजिन 1,089 घनसेंटिमीटरचे. मिनिटाला 4,000 फेरे घेताना ते जास्तीत जास्त 2,178 लिटर हवा मागते. प्रत्यक्षात यापेक्षा कमीच हवा आत जाते, आणि त्याचे एक कारण बहुधा मळलेला एअर फिल्टर असतो. तो बदलावा. काही हौशी लोक फिल्टर काढूनच टाकतात. त्याने धूळ थेट सिलिंडरात शिरते, आणि इंजिनाने उलटा भडका घेतला तर त्याला थोपवणारे काही उरत नाही.

दुसरी जागा सांध्याची. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधील पॅकिंगची कड पुष्कळदा वाटेत डोकावत असते. ती नेमकी कापावी. ओतकामाच्या वेळी राहिलेल्या धारदार कडा 400 नंबरच्या पाणकागदाने हलक्या हाताने मऊ कराव्यात. आरशासारखी चकाकी आणण्याचे कारण नाही. बटरफ्लायच्या स्क्रूंना तर हातच लावू नये. त्यांची टोके सैल पडू नयेत म्हणून ठोकून पसरलेली असतात. कानसलेला स्क्रू सुटला तर तो थेट इंजिनात जातो. बटरफ्लायचा दांडा खिळखिळा झाला असेल तर तेथून चोरटी हवा शिरते. हे काम मात्र खराद्याचे आहे, घरचे नव्हे.

जेट साफ करताना तांब्याची तार खुपसण्याची सवय सर्रास आढळते. जेट पितळेचा असतो, आणि सोलेक्सच्या जेटवरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. 115 म्हणजे 1.15 मिलिमीटर. तारेच्या एका ओरखड्याने हे माप बिघडते. म्हणून फक्त हवेचा झोत द्यावा आणि छिद्र भिंगातून तपासावे. सुरतेसारख्या हिऱ्यांच्या गावात दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळण्यास अडचण ती कसली!

सांप्रत आणखी एक प्रश्न उपस्थित झाला आहे. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे 13.5 पट पुरते. म्हणजे जुन्या जेटवर इंजिन उपाशी राहते. गाडी दमते ती हवा कमी पडते म्हणून नव्हे, इंधन कमी पडते म्हणून! 115 च्या जागी 120 चा जेट बसवला तर छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, आणि या तुटीची भरपाई साधारण तितकीच असते. इथेनॉल ओलावाही शोषून घेते. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर फ्लोटची वाटी रिकामी करावी, आणि रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घालाव्यात.

हे सारे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना, बॅटरीची तार सोडवून करावे. जवळपास विडी नको, उदबत्तीही नको. काढलेला प्रत्येक मूळ भाग डबीत जपून ठेवावा. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरील गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते, ती गाडी मूळ स्वरूपात राखली असेल तरच.

परीक्षा कशी घ्यावी? गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी आणि प्लग काढून पाहावा. टोक बिस्किटी रंगाचे असेल तर मिश्रण जमले. पांढरे असेल तर इंधन कमी पडते, आणि काजळी धरली असेल तर अधिक होते. नंतर धूर-तपासणी केंद्रावर जावे. 2000 पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. सापुताऱ्याचा घाट चढावयाचा असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. तेथे सुमारे हजार मीटर उंचीवर हवा जवळजवळ दशांशाने विरळ होते, आणि सुरतेत बिस्किटी दिसलेला प्लग तेथे किंचित काळवंडतो. त्याकरिता वाटेत थांबून स्क्रू पिळीत बसू नये. गाडी खाली उतरली की तो पुन्हा आपल्या रंगावर येतो.