पंपातील झीज-निरीक्षण

पंपातील झीज-निरीक्षण म्हणजे यांत्रिक पंपाच्या आतील फिरत्या व सरकत्या भागांची झीज, पंप न उघडता किंवा शक्य तितका कमी उघडून, ओळखण्याची आणि तिच्या वाढीचा माग ठेवण्याची पद्धती होय. पाणीपुरवठा, उपसा सिंचन, तेलशुद्धीकरण, औष्णिक वीजनिर्मिती आणि अग्निशमन या क्षेत्रांत पंप अचानक बंद पडणे परवडणारे नसते, म्हणून तेथे ही पद्धती वापरली जाते. झीज पूर्णपणे थांबवता येत नाही, परंतु ती किती झाली हे वेळेवर कळल्यास दुरुस्तीची वेळ ठरवता येते आणि वाया जाणारी वीज वाचते.

झिजणारे भाग

केंद्रोत्सारी पंपात इंपेलर (फिरता पंखा) आणि स्थिर कोष यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. या ठिकाणी झीज-कड्या बसवलेल्या असतात. कार्यशाळांत त्यांना वेअर रिंग म्हणतात. इंपेलरमधून दाबाने बाहेर पडलेले पाणी या फटीतून पुन्हा शोषणाच्या बाजूस परतू नये, हे त्यांचे काम. कड्या झिजल्या की फट रुंदावते आणि उचललेल्या पाण्याचा काही भाग पंपातच फिरत राहतो. याखेरीज बेअरिंग (धारवे), दंडावरील बाही, यांत्रिक सील व ग्लँडमधील दोरी हे भाग झिजतात. दंतचक्र पंपात दात व बाजूच्या पट्ट्या, तर दट्ट्याच्या पंपात दट्ट्या, सिलिंडर व झडपा झिजतात.

झिजेचे प्रकार

* अपघर्षण : वाळूसारखे कठीण कण दोन पृष्ठभागांमध्ये सापडून धातू खरवडतात. मोहस् मापश्रेणीवर क्वॉर्ट्झची कठिनता ७ आहे. कांसे त्याहून बरेच मऊ असते.
* क्षरण : गढूळ द्रवातील कण वेगाने आदळल्याने धातू उडतो. द्रवाचा वेग वाढला की हे क्षरण वेगाच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक वाढते.
* आसंजन : वंगणाचा थर तुटल्यावर दोन धातू थेट चिकटतात व फाटतात.
* पोकळीभवन : शोषणाकडील दाब फार उतरला की द्रवात वाफेचे बुडबुडे होतात. अधिक दाबाच्या भागात ते फुटतात व इंपेलरवर खड्डे पडतात.
* श्रांती : वारंवार येणाऱ्या भारामुळे बेअरिंगच्या पृष्ठभागाखाली सूक्ष्म तडे जाऊन धातूचे पापुद्रे सुटतात.
* गंज : रासायनिक क्रियेने पृष्ठभाग कमकुवत होतो व इतर प्रकारची झीज वेगाने होते.

इतिहास

१९४० च्या दशकात अमेरिकेतील रेल्वेमार्गांवर डीझेल इंजिनांच्या वंगण तेलाचे वर्णपटीय विश्लेषण करून त्यातील धातूंवरून आतील झीज ओळखण्यास सुरुवात झाली. १९५३ मध्ये जे. एफ. आर्चर्ड यांनी झिजेचे समीकरण मांडले. त्यानुसार झिजलेले घनफळ हे भार व घासण्याचे अंतर यांच्या सम प्रमाणात आणि मऊ पृष्ठभागाच्या कठिनतेच्या व्यस्त प्रमाणात असते. १९६६ मध्ये ब्रिटनमधील पीटर जोस्ट यांच्या समितीच्या अहवालाने घर्षण, झीज व वंगण यांच्या एकत्रित अभ्यासाला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव रूढ केले. १९७० च्या दशकात व्हर्नन वेस्टकॉट यांनी तेलातील लोहकण चुंबकीय क्षेत्राने काचेवर आकारानुसार मांडण्याची फेरोग्राफी ही पद्धत विकसित केली.

निरीक्षणाच्या पद्धती

कार्यमापन : प्रवाह, दाब व वीजवापर मोजून पंपाची कार्यक्षमता काढतात आणि ती नव्या पंपाच्या आलेखाशी ताडून पाहतात. झीज-कड्यांची झीज ओळखण्यास ही पद्धत सर्वांत उपयुक्त ठरते. मूळ फट दुप्पट झाली की कड्या बदलाव्यात, असा सर्वसाधारण संकेत आहे. झडप बंद ठेवून अल्पकाळ मोजलेला दाबही झिजेची कल्पना देतो, मात्र पंप तसा अधिक वेळ चालवल्यास आतील द्रव तापतो. उष्मागतिकीय पद्धतीत प्रवाह मोजण्याऐवजी पंपापूर्वीच्या व नंतरच्या द्रवाच्या तापमानातील फरक मोजतात. १०० मीटर शीर्षाच्या ८० टक्के कार्यक्षम पाण्याच्या पंपात नुकसानीमुळे होणारी तापमानवाढ केवळ सुमारे ०.०६ अंश सेल्सियस असते. म्हणून अतिसूक्ष्म तापमापक लागतात.

कंपन-विश्लेषण : बेअरिंगच्या घरावर संवेदक बसवून कंपनाचा वेग मिलिमीटर प्रतिसेकंद या एककात नोंदवतात. फिरत्या पंपांसाठी आयएसओ १०८१६ या मानकाच्या सातव्या भागात (२००९) मर्यादा दिल्या आहेत. कंपनाची वारंवारता दोषाचे स्थान सुचवते. १,४५० फेरे प्रतिमिनिट म्हणजे सेकंदाला सुमारे २४ फेरे. इंपेलरला ६ पाती असल्यास पात्यांची वारंवारता सुमारे १४५ हर्ट्झ येते. आठ गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये बाहेरील कड्यावरील दोष सुमारे ७७ हर्ट्झला दिसतो. पोकळीभवनामुळे मात्र एका ठरावीक वारंवारतेऐवजी विस्तृत पट्ट्यात गोंगाट वाढतो.

तेल-विश्लेषण : वंगणाच्या नमुन्यात लोह आढळल्यास दंड, दंतचक्र किंवा बेअरिंग, तांबे व कथील आढळल्यास कांस्याची बुश, तर सिलिकॉन आढळल्यास बाहेरून धूळ शिरल्याचा संशय घेतात. वर्णपटमापकाला सुमारे ५ ते १० मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत; त्यांसाठी फेरोग्राफी वापरतात. आयएसओ ४४०६ या मानकात ४, ६ व १४ मायक्रोमीटरपेक्षा मोठ्या कणांची संख्या तीन संकेतांकांनी दाखवतात. संकेतांक एकाने वाढला की कणसंख्या सुमारे दुप्पट होते.

इतर पद्धती : हायड्रॉलिक दट्ट्या-पंपांत कोषातून निथळणाऱ्या तेलाचा प्रवाह मोजणे हा झिजेचा थेट निर्देश असतो. बेअरिंगचे तापमान, श्राव्यातीत ध्वनी, मोटरचा विद्युतप्रवाह आणि सीलमधील गळती यांचीही नोंद ठेवतात.

ऊर्जेचा अपव्यय

झिजलेला पंप चालू असतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. सेकंदाला १०० लिटर पाणी ५० मीटर उंच चढवण्यास ८० टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला दंडावर सुमारे ६१ किलोवॅट शक्ती लागते. ७० टक्के कार्यक्षमतेला सुमारे ७० किलोवॅट. वर्षाला ६,००० तास चालल्यास हा फरक सुमारे ५२,५०० युनिटांचा होतो. महाराष्ट्रातील टेंभू, ताकारी व म्हैसाळ यांसारख्या योजनांत कृष्णा नदीचे पाणी मोठ्या पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलले जाते. अशा योजनांत विजेचा खर्च हा चालू खर्चाचा मोठा भाग असल्याने कार्यक्षमतेतील घट थेट पाण्याच्या दरावर परिणाम करू शकते.

मर्यादा

कोणतीही एक पद्धत सर्व भागांची झीज दाखवत नाही. पाण्याच्या पंपात इंपेलरचे कण पाण्याबरोबर वाहून जातात, त्यामुळे बेअरिंगच्या तेलाच्या तपासणीत ते सापडत नाहीत. एकपदरी पंपात कड्या बऱ्याच झिजल्या तरी कंपन फारसे वाढत नाही. उलट बहुपदरी पंपात फटीतील द्रवाचा दाब दंडाला आधार देतो. यास लोमाकिन परिणाम म्हणतात. फट रुंदावली की हा आधार कमी होऊन कंपन वाढते. क्वचितच चालणाऱ्या अग्निशमन पंपाच्या मोजण्या मुद्दाम तो चालवूनच घ्याव्या लागतात.

एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. पंप नवा असताना किंवा दुरुस्तीनंतर लगेच घेतलेली मूळ नोंद आणि त्याच प्रवाहावर, त्याच गतीने पुन्हा घेतलेल्या मोजण्या यांची तुलना आवश्यक ठरते. ठरावीक काळाने प्रत्येक पंप उघडणे हाही निर्धोक पर्याय नाही. एफ. स्टॅन्ली नोलन व हॉवर्ड हीप यांच्या १९७८ च्या विमान-देखभालविषयक अहवालात दिसून आले, की अनेक घटकांचे बिघाड वयानुसार वाढत नाहीत. शिवाय उघडताना व पुन्हा जुळवताना धूळ शिरणे, दंड तिरका बसणे असे नवे दोष उद्भवू शकतात.

हे सुद्धा पहा

* केंद्रोत्सारी पंप
* बेअरिंग
* वंगण
* घर्षण