उन्हात ठेवलेले सेल आणि फुगलेली बॅटरी

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात ट्रान्झिस्टर, वॉकमन किंवा नोकिया ११०० घेताना माणूस बटणं दाबून पाहतो, काच पुसून पाहतो, भावात घासाघीस करतो. सेलच्या खणाचं झाकण मात्र घरी आल्यावरच उघडतं. आणि त्यासोबत घरातल्या मोठ्यांचे सल्लेही बाहेर येतात.

गैरसमज : सेल उन्हात ठेवले की चार्ज होतात.

ट्रान्झिस्टरचा आवाज बसला की सेल काढून खिडकीत ठेवायचे आणि संध्याकाळच्या बातम्या ऐकायच्या, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आवाज खरोखर वाढायचाही. पण ऊन सेलमध्ये वीज भरत नाही. विश्रांतीने आणि उबेने आतली रासायनिक क्रिया जरा सुधारते आणि उरलीसुरली ताकद बाहेर येते, एवढंच. त्या काळच्या झिंक-कार्बन सेलमध्ये जस्ताचा डबा हाच ऋण ध्रुव असतो. सेल वापरावा तसा तो डबा आतून खाल्ला जातो. त्यामुळे संपत आलेला सेल जितका पिळावा तितकी त्याची भिंत पातळ होत जाते आणि शेवटी त्याला पाणी सुटतं. जुन्या ट्रान्झिस्टरच्या गंजलेल्या स्प्रिंगा बहुतेक वेळा या काटकसरीचीच देणगी असतात. चारांपैकी एकच सेल बदलण्याची सवयही त्यातलीच. ताजा सेल मेलेल्या सेलमधून जबरदस्तीने प्रवाह ढकलतो आणि मेलेला सेल आधी गळतो. लिथियमच्या बॅटरीला तर उन्हात चुकूनही ठेवू नये. उष्णतेने ती नुसती लवकर मरत नाही, धोकादायकही होते.

गैरसमज : गळलेलं ते ॲसिड, खायच्या सोड्याने पुसावं.

झिंक-कार्बन सेलचा पाझर किंचित आम्लधर्मी असतो, तिथे सोडा चालतो. वॉकमनमध्ये विसरलेला पेन्सिल सेल अल्कलाइन असेल, तर गोष्ट उलटी. त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, म्हणजे अल्कली. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पांढरा भुगा होतो. त्यावर सोडा टाकून काही साधत नाही. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्यावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवावं. हातमोजे हवेत, आणि चष्मा त्याहून जास्त हवा, कारण ओली अल्कली डोळ्यात गेली तर इजा गंभीर होते. भुग्यावर फुंकर तर मुळीच मारू नये.

गैरसमज : ओरिजिनल बॅटरी आहे, म्हणजे काळजी नाही.

दुकानदार हे अभिमानाने सांगतो. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने स्वतःच जाहीर केलं होतं, की डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंग करताना जास्त तापू शकतात. त्या होत्या ४ कोटी ६० लाख, आणि ओरिजिनलच होत्या. शिवाय तेव्हाची निर्दोष बॅटरीसुद्धा आज वीस वर्षांची म्हातारी आहे. जुन्या फोनमध्ये सगळ्यात आधी बदलावी अशी वस्तू म्हणजे ही ओरिजिनल बॅटरीच. पण बदली म्हणून रस्त्यावरची बिननावाची स्वस्त बॅटरी घेणं हा काही उपाय नव्हे.

गैरसमज : मेलेली बॅटरी बूस्टर लावला की उठते; फुगलेली टोचली की बसते.

पहिलं अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक. लिथियम-आयन बॅटरी वर्षानुवर्षं पडून पार रिकामी झाली, की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं. बूस्टरने बाहेरून वीज ढकलली की ते नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकतं. बॅटरी ‘उठली’ म्हणून आपण खूश, आणि रात्री ती उशाशी चार्जिंगला. दुसरा उद्योग तर शुद्ध वेडेपणा. फुगवट्यातला वायू पेट घेऊ शकतो आणि टाचणी आतले दोन्ही ध्रुव जोडून टाकते. फुगलेली बॅटरी दाबू नये, चार्ज करू नये, झाकण बसत नाही म्हणून कोंबू तर नयेच.

गैरसमज : संपलेला बटन सेल निरुपद्रवी.

जुन्या कॅल्क्युलेटरचं किंवा हातातल्या गेमचं झाकण बऱ्याचदा नखाने उघडतं, स्क्रू नसतोच. लिथियमचा नाण्याएवढा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत खोल भाजतं. यंत्र चालवण्याइतका दम नसलेला सेलही हे करू शकतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायला न बसता सरळ हॉस्पिटल गाठावं.

काढलेल्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून त्या ई-कचरा केंद्रावर द्याव्यात. घंटागाडीत टाकलेली लिथियमची बॅटरी कचऱ्यासोबत दाबली जाते, आणि तिथे आग लागली तर ती विझवायला आधी धावतो तो गाडीवरचा कामगार.