अंगावर पित्त का उठते?

त्वचेतील मास्ट पेशी हिस्टामाइन हे रसायन सोडतात, तेव्हा बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि लालसर, खाजणाऱ्या गांधी उठतात. एकेक गांधी सहसा २४ तासांच्या आत मावळते. तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते. छातीत जळजळ करणाऱ्या आम्लपित्ताशी याचा संबंध नाही.

घरात पहिला संशय जेवणावर जातो. तो बरेचदा चुकतो. लहान मुलांमध्ये विषाणूसंसर्ग हेच मोठे कारण असते, आणि सर्दी-तापात घेतलेल्या औषधावर उगाच खापर फुटते. अर्थात पेनिसिलिन, सल्फा, अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी पित्त उठू शकतेच. कोळंबी, खेकडा, शेंगदाणे, अंडी किंवा दूध कारण असेल, तर गांधी बहुधा खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत दिसतात. परवाच्या जेवणाला दोष देण्यात अर्थ नसतो. बांगड्याची गोष्ट निराळी. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात जिवाणू हिस्टामाइन तयार करतात आणि ते शिजवूनही नाहीसे होत नाही. असा मासा खाऊन अंग लाल होऊन खाजले, तर ती अ‍ॅलर्जी नव्हे; ताजा बांगडा त्याच माणसाला बाधत नाही.

काहींना गार पाणी, घाम, ऊन किंवा घट्ट नाडीचा दाबही पुरतो. सहा आठवड्यांहून अधिक काळ वरचेवर उठणाऱ्या पित्ताला बहुतेकदा बाहेरचे कारण सापडतच नाही. अनेक रुग्णांत शरीराची प्रतिकारयंत्रणाच मास्ट पेशींना चेतवते. अशा वेळी एकेक पदार्थ सोडत गेल्याने माणूस अशक्त होतो, पित्त मात्र तसेच राहते.

म्हणून प्रतिबंधाची सुरुवात नोंदीपासून करावी: गांधी कधी उठल्या, आधी काय खाल्ले, कोणते औषध घेतले, ताप होता का. ठरलेले कारण सापडले तर ते टाळावे आणि बाधलेल्या औषधाचे नाव प्रत्येक डॉक्टरला सांगावे. सैल सुती कपडे घालावेत, कढत पाण्याची आंघोळ टाळावी. गार पाण्याने पित्त उठणाऱ्याने विहिरीत एकदम उडी मारू नये. रक्तदाब कोसळू शकतो. दीर्घकाळच्या त्रासात सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिनसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्याव्या लागतात. आमसुलाचे पाणी अंगाला लावल्याने थोडा थंडावा मिळतो, इतकेच. जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, चक्कर आली, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. तिथे अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन लागते.