दाजींची गाडी आणि माझं ‘ग्राउंड’

"तू इलेक्ट्रॉनिक्सला आहेस ना? मग बघ की जरा!" हे वाक्य ज्याने घरी ऐकलं नाही असा विद्यार्थी आपल्या होस्टेलवर शोधून सापडणार नाही. मिक्सर, टीव्ही, शेजारच्यांचा इन्व्हर्टर... सुट्टीत घरी गेलं की पेशंटांची रांगच लागते. ‘हा आमचा विषय नाही’ म्हणून मी आजवर सुटत आलो. गेल्या दिवाळीत दाजींसमोर मात्र माझी डाळ शिजली नाही.

दाजींची टुरिस्ट गाडी आहे. त्यांनी बाहेरून टचस्क्रीन डेक, डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि पुढच्या दारांत नवे स्पीकर बसवून घेतले होते. पण इंजिन सुरू झालं की गाण्यामागे ‘कुंईंऽऽ’, बास गायब, आणि आवाज वाढवला की गाणं फाटायचं! फिटिंगवाला म्हणाला, "अ‍ॅम्प कमी पडतोय, मोठा घ्या." गाडीचे हप्ते अजून चालू होते; पण गिऱ्हाइकं कुरकुरतात म्हणून दाजी तेही करायला निघाले होते. ताईने मला गाठलं, "आधी तू बघ, मग पैसे घालू."

मी जोशात सगळ्याच वायरी एकदम सोडल्या. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची राहिली, प्लसची वायर पत्र्याला टेकली आणि फ्यूज उडाला. दुसऱ्या दिवशी दाजी गाण्यांशिवाय भाडं घेऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, "पाव्हणं, काल निदान कुंई तरी करत होती!"

मित्रांनो, तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. संध्याकाळी तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज टाकला, वायरी जशा होत्या तशा जोडल्या आणि ठरवलं, एका वेळी एकच बदल करायचा आणि ऐकायचं.

१) कुंईंऽऽ कुठून येते?

इंजिन बंद ठेवून गाणं लावलं तर कुंई नाही. इंजिन सुरू केलं की हजर, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर चढतो. म्हणजे उगम अल्टरनेटर. तो थ्री-फेज एसी तयार करतो आणि डायोड त्याचा डीसी करतात. पण त्या डीसीवर थोडी लहर, म्हणजे रिपल, उरतेच. इंजिन जोरात फिरलं की तिची फ्रिक्वेन्सीही वाढते.

पण ती गाण्यात शिरते कशी? सिस्टिम बंद करून अ‍ॅम्पच्या आरसीए वायरी काढल्या आणि पुन्हा चालू केली. कुंई गेली! म्हणजे अ‍ॅम्प ठणठणीत होता, आवाज त्या वायरीतून येत होता. मग गाणं चालू असताना अ‍ॅम्पचं अर्थ आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात मल्टिमीटर लावला. शून्याच्या जवळपास हवं तिथे ०.४ व्होल्ट! अर्थची वायर सीटच्या बोल्टखाली, रंगावरच आवळलेली होती. डेकचं अर्थ दुसरीकडे. दोन्हीकडचं ‘शून्य’ वेगळं, म्हणून आरसीएच्या शील्डमधून करंट वाहायचा आणि अल्टरनेटरची लहर सिग्नलमध्ये मिसळायची. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

उपाय काय, तर रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला आणि तिथे जाड, आखूड वायर घट्ट बसवली. मीटरवर जवळजवळ शून्य, आणि कुंई बंद. पुस्तकातल्या ग्राउंडच्या चिन्हाला रंग आणि गंज नसतो, गाडीतल्या ग्राउंडला असतो!

(फोन चार्जरला लावून त्याच वेळी ऑक्स वायरने गाणी लावली की कुंई येते? बहुधा हाच प्रकार. चार्जर काढून बघा.)

२) बास कुठे गेला?

डेकमधला बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेला. एकच स्पीकर वाजत असताना बास जास्त, दोन्ही वाजले की कमी! याचा अर्थ एकाची पोलॅरिटी उलटी. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खालच्या सुरांच्या लाटा एकमेकींना खातात. खात्री करायला स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पकडून सोडवल्या आणि त्यांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर यायला हवा. डावीकडचा आत गेला. दोन वायरींची अदलाबदल केली, खर्च शून्य.

३) गाणं का फाटतं?

अ‍ॅम्पवरचा गेन शेवटपर्यंत पिळलेला होता. गेन म्हणजे आवाजाचं बटन नव्हे. डेककडून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्पचा मेळ घालायची ती सोय आहे. तो फार वाढवला की अ‍ॅम्प लवकर क्लिप होतो, लाटेचे शेंडे कापले जातात. गेन शून्यावर आणला, डेकचा आवाज पाऊणपर्यंत वाढवला, मग गेन हळूहळू वाढवत गाणं फाटायच्या अलीकडे थांबलो.

जाता जाता डेकवरच्या ‘५० वॅट × ४’ बद्दल. १४.४ व्होल्टचा वर्ग भागिले ४ ओहम, उत्तर येतं ५१.८. म्हणजे हा आकडा पूर्ण कापलेल्या, चौकोनी लाटेचा! स्वच्छ साइन वेव्हला त्याच्या निम्मेच, साधारण २६ वॅट, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. तेव्हा आकडा बघून भुलू नका.

एकूण खर्च एक फ्यूज, हातभर वायर आणि पॉलिश पेपरचा तुकडा. मोठा अ‍ॅम्प घेतला असता तर कुंई तशीच राहिली असती, बासही आला नसता आणि हप्त्यांत भर पडली असती. यातलं काहीही मला नवीन नव्हतं, सगळं परीक्षेत लिहून आलो होतो. फक्त पत्र्यावर कधी शोधलं नव्हतं.

सुट्टी संपल्यावर दाजींनीच स्टँडवर सोडलं. वाटेत गाणं मोठं करून म्हणाले, "फी अगदीच वाया गेली नाही म्हणायची, पाव्हणं!"